नव्याण्णव दिवस न धुतलेली ताटली

प्रति,
मा. विभाग अधिकारी,
उद्यान व परिसर विभाग,
नगर कार्यालय.

दिनांक : ९ मार्च

विषय : माझ्या तक्रारीवरून शेजाऱ्यांच्या रोपवाटिकेला लावलेले सील काढणे आणि तीच तक्रार माझ्याविरुद्ध नोंदवून घेणे याबाबत.

संदर्भ : १) माझा तक्रार अर्ज क्र. ३१८, दि. २३ फेब्रुवारी.
२) आपल्या कार्यालयाची नोटीस क्र. ७४, दि. २५ फेब्रुवारी.

महोदय,

शनिवार, दि. २१ फेब्रुवारी रोजी सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी माझ्या परसात ४६ जिवंत आणि ७ मृत पक्षी होते. जिवंतांपैकी चिमण्या ३१, होले ९, साळुंक्या ६. मृतांपैकी चिमण्या ५, होला १, साळुंकी १. हे आकडे माझ्या तक्रारीत आहेत आणि ते बरोबर आहेत. तक्रारीतले बाकी सगळे चूक आहे.

१. मी जीवशास्त्राची पदवीधर असून पिण्याच्या पाण्यातील जंतू मोजणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करते. दि. १५ नोव्हेंबरपासून मी परसात पक्ष्यांसाठी दाण्याची एक ताटली व पाण्याचे एक पसरट भांडे ठेवत होते. रोज दाणे २०० ग्रॅम, वजन करून. रोज स्वयंपाकघराच्या खिडकीतून वीस मिनिटे मोजणी. पहिल्या आठवड्यात ४ चिमण्या येत, जानेवारीच्या मध्यास ५० च्या आसपास पक्षी येऊ लागले. त्या वाढत्या आकड्याचा मला अभिमान होता, हे येथे लपवत नाही.

२. भिंतीपलीकडे राहणारे आणि घरालगतच रोपवाटिका चालवणारे गृहस्थ आपल्या नोटिशीत 'गैरअर्जदार' आहेत. मी त्यांना अकरा वर्षे काका म्हणते, म्हणून येथे काकाच लिहिते. पाण्याचे ते पसरट भांडे त्यांनीच दिले होते.

३. जानेवारीच्या अखेरीपासून मला दर शनिवारी कुंपणाखाली मेलेले पक्षी सापडू लागले. चार शनिवारी अनुक्रमे २, ३, ५ आणि ७, एकूण १७. काका दर गुरुवारी रोपांवर पंपाने फवारणी करतात. गुरुवारी फवारणी, शनिवारी मृत्यू, असा आलेख मी काढला आणि तो तक्रारीला जोडला. तक्रारीच्या पहिल्याच ओळीत, कोणी विचारले नसताना, माझी पदवी लिहिली.

४. आपल्या निरीक्षकांनी दि. २५ रोजी पाहणी केली. काकांनी त्यांना सांगितले की पंपात साबणाचे पाणी आहे, रोपांवर मावा पडला की ते तेच मारतात. अहवालात "द्रवास फेस येतो, संशयास्पद" अशी नोंद झाली. नमुना घेणार का, असे काकांनी विचारले, त्यावर निरीक्षक म्हणाले, "आलेख आहे, बाई शिकलेल्या आहेत, आणखी काय पाहिजे?" मी तेव्हा भिंतीच्या अलीकडे उभी होते. मला बरे वाटले. पंप जप्त झाला, फाटकाला सील लागले आणि "पक्ष्यांच्या मृत्यूस कारणीभूत" असा कागद चिकटवला गेला. त्या दिवसापासून गिऱ्हाईक तो कागद वाचून परत जाते. काकू फाटकाकडे पाठ करून कपडे वाळत घालतात.

५. पुरावा अधिक भक्कम व्हावा म्हणून मी दोन मृत चिमण्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात डब्यात ठेवल्या होत्या. (आईने डब्यावर 'खाऊ नये' अशी चिठ्ठी लावली होती.) त्या मी पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत तपासणीस दिल्या. अहवाल सोबत जोडला आहे. त्यात कोणतेही विष आढळलेले नाही. दोन्ही पक्षी आतड्याच्या जंतुसंसर्गाने मेले. विष्ठा पडलेले दाणे आणि पाणी यांतून हा रोग पसरतो, गर्दीत अधिक वेगाने. त्यांतील एक चिमणी मला सापडण्याच्या किमान चार दिवस आधी मेली होती, म्हणजे त्या आठवड्यातील फवारणीच्याही आधी. पक्षी शनिवारी मरत नव्हते. शनिवारी मला सुट्टी असते, म्हणून मी शनिवारी कुंपणाखाली पाहत होते.

६. आता ताटलीविषयी. ती मी दि. १५ नोव्हेंबर ते २१ फेब्रुवारी या काळात, म्हणजे परसात होती ते सगळे दिवस, एकदाही धुतली नाही. हा विसर नव्हता. निरीक्षणाची परिस्थिती रोज सारखी राहावी, नाहीतर नोंदींची तुलना करता येणार नाही, या विचाराने मी जाणूनबुजून तिला हात लावला नाही, फक्त वरून दाणे घालत गेले. पाण्याचेही तेच. दिवसभर दुसऱ्यांच्या पाण्यातील जंतू मोजून मी घरी येत होते आणि त्या भांड्यात मग्याने पाण्याची भर घालत होते.

७. काकांनी मला सांगितले होते. माझ्या वहीप्रमाणे तारीख २ फेब्रुवारी. भिंतीवरून ते म्हणाले, "अगं, ती चिमणी फुगून बसलीय ना, ती थंडीनं नाही, आजारी आहे. ताटली धूत जा जरा. पाखरांनाही पोट असतं." मी त्यांना हो म्हटले आणि वहीत लिहिले : 'शेजाऱ्यांचे मत. पुरावा नाही.' त्या पानाची प्रत जोडली आहे. ती जोडू नये असे मला फार वाटत होते.

८. याहून वाईट गोष्ट पुढे आहे. प्रयोगशाळेचा अहवाल मला दि. ३ मार्च रोजी मिळाला. आज ९ तारीख आहे. पहिल्या दिवशी मी प्रयोगशाळेला फोन करून नमुन्यांची अदलाबदल झाली का, असे विचारले. झालेली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी ताटली व भांडे उकळत्या पाण्याने घासले. तेव्हा काका भिंतीशी आले. "आता धुतेस होय?" एवढेच म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "उन्हात पालथी घाल, नीट वाळू दे." अहवाल माझ्या खोलीतल्या टेबलावर होता. मी त्यांना सांगितले नाही. नंतरचे तीन दिवस मी अहवाल पुनःपुन्हा वाचत राहिले, तो कोणाला दाखवला नाही.

९. काल आईने तो वाचला. ती म्हणाली, "आता भिंतीवरून 'काका, सॉरी' म्हणून मोकळी होऊ नकोस. कागद करून त्यांचं नाव घालवलंस, आता कागद करूनच परत दे." मी संध्याकाळी काकांकडे जाऊन अहवाल दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि विचारले, "सतरा गेली म्हणतेस?" मी हो म्हटले. ते आत गेले. काकूंनी दार लावून घेतले.

१०. आज सकाळी मी आपल्या आवक कक्षात तक्रार मागे घेण्यासाठी आले. लिपिक बाईंनी सांगितले, "मागे घ्यायचा नमुना नसतो हो आमच्याकडे. तक्रार आत आली की आतच राहते. फार तर त्यातला माणूस बदलता येतो." त्यानुसार हा अर्ज, सोबतची रोपांची मोजणी सकाळी घरी करून, आपल्या बाकावर बसून लिहीत आहे. विहित नमुन्यात 'गैरअर्जदाराचे नाव व पत्ता' येथे मी माझाच पत्ता लिहिला आहे. 'गैरअर्जदाराशी नाते' या रकान्यात 'स्वतः' लिहिले आहे. 'गैरअर्जदारास समज दिली होती काय' येथे 'होय, दि. २ फेब्रुवारी, शेजाऱ्यांनी' असे लिहिले आहे. बाई म्हणाल्या की असे संगणक घेणार नाही. घेतले नाही तर हाताने नोंद करावी.

११. सील असल्यामुळे काकांना गेले बारा दिवस रोपांना पाणी घालता आलेले नाही. दि. ३ मार्चला मी स्टुलावर उभी राहून पाहिले, तेव्हा भिंतीवरून दिसणाऱ्या २१२ रोपांपैकी १७१ हिरवी होती. दि. ५ रोजी मी आमचा पाइप भिंतीवरून सोडला. काकांनी हात करून थांबवले, "राहू दे, सील आहे. तू उगाच अडकशील." माझ्यामुळे लागलेल्या सीलापासून ते मला वाचवत होते, आणि मी नळ बंद केला. याबाबत नियम काय आहे, असे लिपिक बाईंना विचारले असता "पाऊस पडला तर सील मोडत नाही, पाइपाचं साहेबांना विचारा" असे उत्तर मिळाले, म्हणून आपणास विचारत आहे.

सबब माझी मागणी अशी :

रोपवाटिकेचे सील आजच काढावे आणि पंप परत द्यावा. ते आज शक्य नसल्यास, निदान पाणी घालण्यापुरते फाटक उघडू द्यावे, किंवा माझ्या पाइपास लेखी परवानगी द्यावी. मी बाकावर थांबले आहे.

फाटकावरील कागद काढून तो माझ्या फाटकावर, त्याच उंचीवर, त्याच मजकुरासह लावावा. मजकूर खरा आहे, फक्त फाटक चुकले होते. तो किमान तितकेच दिवस ठेवावा.

माझी तक्रार खोटी ठरल्याचे काकांना आपल्या शिक्क्यासह लेखी कळवावे. माझ्या तोंडी सांगण्याला आता त्या घरात वजन नाही, आणि नसावे हे योग्य आहे.

यापुढे माझ्या पदवीचा उल्लेख कोणत्याही अहवालात पुरावा म्हणून घेऊ नये.

आपली, या प्रकरणी दोषी,
(सही)
अर्जदार, रोपवाटिकेलगतचे घर

सोबत :
१) पशुवैद्यकीय प्रयोगशाळेचा अहवाल, पाने २.
२) निरीक्षण वहीतील दि. २ फेब्रुवारीच्या पानाची प्रत.
३) तक्रारीचा विहित नमुना, भरलेला.
४) भिंतीवरून दिसणाऱ्या रोपांची मोजणी, आज दि. ९ मार्च, सकाळी ६ वाजून ४५ मिनिटे : एकूण २१२, हिरवी ८८.