न्हाणीघराच्या दाराशी दांडा

८ नोव्हेंबर, शनिवार

करवत आली. दोन माणसांनी उचलून पडवीत ठेवली. पूर्वी तिथे आमची मोटार असायची, आता माझं कामाचं टेबल, शिकंजा आणि पत्र्याचे तुकडे. लोखंड कापायची पट्ट्याची करवत. शिवणयंत्रापेक्षा थोडी मोठी, हिरवी, वाकलेल्या मानेची.

नवऱ्याने, योशिनोरीने, दारातूनच पाहिली. "मागे पत्र्याचे कंदील केलेस, पत्र्याचे कोंबडे केलेस. आता काय, पूल बांधणार?"

दांडा करणार आहे. बाबा गेल्या महिन्यात न्हाणीघराच्या दाराशी पडले. हाड शाबूत राहिलं. पण त्याच आठवड्यात योशिनोरीने आपल्या वडिलांचं नाव नदीपलीकडच्या वृद्धनिवासात घातलं. महिनाअखेरीला जागा होते आहे. कारण विचारलं तर एकच — "घरात धरायला काही नाही." मोठ्या आवाजात नाही, पण बदलायचंही नाही.

बाविसाव्या तारखेला वृद्धांच्या सेवा केंद्राच्या कुमाकुराबाई बाबांची पाहणी करायला येणार. बाबा एकटे न्हाणीघरापर्यंत जाऊन येऊ शकतात असं त्यांनी लिहिलं, तर जागा नाकारता येईल.

तर मग, धरायला काहीतरी हवं.

९ नोव्हेंबर

रिवाजाप्रमाणे शेजारी तीन घरी रुमाल देऊन आले — आवाज होईल, सांभाळून घ्या. पलीकडच्या, विळे घडवणाऱ्या घरातल्या आजींनी रुमाल घेतला आणि वर मलाच ऐकवलं, "या लोहारांच्या गावात ठोकाठोक थांबली की माझी झोप मोडते. खुशाल कर."

१० नोव्हेंबर

पहिली चाचणी. साधी लोखंडी सळई, अंगठ्याएवढी जाड.

काय सुंदर कापते! आवाज म्हणजे दूरवर कोणीतरी पिठाची चक्की फिरवतंय असा. ठिणग्या नाहीत, धूर नाही. मान आपल्याच वजनाने खाली येते, आपण नुसतं बघायचं. तुकडा पडला की बटण आपोआप बंद. कापलेलं तोंड हाताला लावून पाहिलं — जेमतेम कोमट. हॅकसॉने हेच करायला मला अर्धी सकाळ लागली असती आणि तोंड तिरकंच आलं असतं.

बाबा काठी टेकत आले, उलट्या बादलीवर बसले. साठ वर्षं सुतारकी केलेला माणूस. ओढून कापायची करवत सोडून दुसऱ्या करवतीला ते करवत म्हणत नाहीत.

"सूनबाई, ही कापतेय की चरतेय?"

"चरतेय. पण सरळ चरतेय, बाबा."

त्यांनी तुकडा उचलला, डोळ्यासमोर धरला, उलटा केला.

"माझी सासू अशीच होती," म्हणाले. "सावकाश. पण धरलं की सोडायची नाही."

करवतीला याहून मोठं प्रशस्तिपत्रक मिळायचं नाही.

१२ नोव्हेंबर

ज्या वर्तमानपत्रासाठी लिहिते, त्यांना मजकूर दुपारपर्यंत द्यायचा होता. दिला. मग पडवीत.

आज स्टेनलेसच्या नळीचा तुकडा. पातळ अंगाची, म्हणून बारीक दातांचा पट्टा चढवला. पहिल्यांदा गती जास्त ठेवली — नळी किंचाळली, दात घसरले. गती सगळ्यात कमी केली. मग शांत. स्टेनलेसला घाई केली की ते उलट कडक होतं, मग कुणाचंच ऐकत नाही. अशी माणसं पाहिली आहेत. एकाशी लग्न केलं आहे.

१४ नोव्हेंबर

घरातल्या बोळातला लांब दांडा कापून बसवला. तो सोपा होता, पुढेमागे झाला तरी चाललं असतं. दाराशी दोन खांबांच्या मधला आखूड दांडा मात्र अचूक हवा. तिथेच ते पडले, आणि तिथेच हात टेकून वळायचं.

मापाची फीत घेऊन गेले तर बाबा आडवे आले. "ठेव ती. हे खांब मी उभे केलेत. माप मी घेणार."

त्यांनी गुण्या काढला, सुताराची काटकोनी मोजपट्टी. हात थरथरत नव्हता. खांबाला गुण्या लावून आकडा सांगितला, मी नळीवर खूण केली. माप घेताना ते ओठ आत ओढतात. लग्न होऊन आले तेव्हापासून तो चेहरा पाहते आहे, आणि तो माणूस चुकलेला मला आठवत नाही.

१५ नोव्हेंबर

कापला. तोंड आरशासारखं. बाबांनी बोट फिरवून मान हलवली.

दाराशी नेला. दांडा आखूड! थोडाथोडका नाही, सहा-सात बोटं.

"जास्त कापलंस," बाबा म्हणाले आणि चहाला गेले.

नळी पुन्हा मोजली. त्यांनी सांगितलं तेवढीच. करवत केसभर चुकलेली नाही. मग फीत घेऊन खांबांमधलं अंतर मोजलं. ते वेगळंच.

गुण्या तिथेच पडला होता. आमच्याकडच्या गुण्याला दोन बाजू. पुढच्या बाजूवर साधी मापं. मागच्या बाजूवरच्या खुणा फाकवलेल्या, छपराच्या तिरक्या लाकडांचा हिशोब करायला; तिच्यावर आकडा लहान येतो. शिकाऊ पोराला पहिल्या दिवशी सांगतात, बाजू बघ.

मागची बाजू खांबांना लावली. बाबांनी सांगितलेला आकडा तंतोतंत बसला.

पाय बरे आहेत त्यांचे. दुखणं पायांचं नव्हतंच.

जेवताना योशिनोरीने विचारलं, झाला का दांडा. म्हटलं, "मी चुकले. नवीन यंत्र, घाई केली." बाबा खारवलेला रावस खात होते. मान वर केली नाही. मग आपल्या ताटलीतला पोटाकडचा तुकडा, जो ते कोणाला देत नाहीत, माझ्या ताटलीत ठेवला.

त्यांना कळलं आहे का? विचारायची हिंमत नाही.

१६ नोव्हेंबर

दुसरा कापला. माप मी घेतलं, ते दुपारी झोपले असताना. बसला. मऊसूत.

२२ नोव्हेंबर, शनिवार

कुमाकुराबाई आल्या. बाबा काठीशिवाय बोळातून गेले, दाराशी दांडा धरला, वळले, आत गेले, परत आले. मंदिराच्या पुजाऱ्यासारखे ताठ.

बाई म्हणाल्या, "आजोबा, दांडा मजबूत हो. कोणी केला?"

"सुनेने. पहिला बिघडवला, मग जमलं."

मग बाबांनी त्यांना पडवीत नेऊन करवत चालू करून दाखवली. एक चांगली सळई उगाच कापली. "बघा, हात लावायला लागत नाही." जणू त्यांनीच बनवली.

बाईंनी लिहिता लिहिता सहज विचारलं, "आज तारीख किती, आजोबा?"

"तुमच्या कागदावर असेल की. तुम्हाला वाचता येत नाही का?"

सगळे हसले. मीही हसले, जरा उशिरा. योशिनोरीकडे पाहिलं नाही.

बाईंनी लिहिलं — एकटे जाऊ शकतात.

२३ नोव्हेंबर

सकाळी पडवीत योशिनोरी उभा. एका हातात आखूड तुकडा, दुसऱ्या हातात गुण्या, मागची बाजू वर.

"तू नाही चुकलीस," म्हणाला.

म्हटलं, चुकले.

"फुमिए, मी त्यांचाच मुलगा आहे. एप्रिलमध्ये पलीकडच्या आजींचं फडताळ केलं होतं ना त्यांनी? मापं चुकली होती; मी सगळ्यांना सांगितलं, लाकूड खराब निघालं. मी सगळं उचकटून पुन्हा केलं. तेव्हापासून हेच चाललंय." मग म्हणाला, "त्यांचं सगळं तुझ्या अंगावर पडलं असतं. ते पडले, त्यांना तिकडे ठेवायला मला निमित्त मिळालं."

एप्रिलपासून. आणि मी महिनाभर त्याला दगड समजत होते.

त्याने तुकडा टेबलावर ठेवला. "आता तुलाही माहीत आहे."

"हो. सकाळी त्यांच्याजवळ तू, दुपारनंतर मी."

उद्या सुट्टी. मंगळवारी केंद्र उघडलं की फोन करून वृद्धनिवासातली जागा सोडणार आहोत. सध्या तरी.