वेदिकासाठी समता

२० फेब्रुवारी, गुरुवार
आजपासून लढा.
वेदिका एसटी स्टॉपवर भेटली. रत्नागिरीला नर्सिंग करते, रोज जा-ये. म्हणाली, शिमगा आला, पण आमच्या गावात पालखी पुरुषांनीच नाचवायची. बायकांनी ओटी भरायची आणि बाजूला व्हायचं. म्हटलं, हा सरळसरळ भेदभाव आहे, मी हे चालू देणार नाही. ती म्हणाली, बघू. म्हणताना हसली. हे हसणं समजायला कॉलेज लागत नाही. (कॉलेज मी तत्त्वासाठी सोडलं. एचओडी चुकीचे होते. विषय संपला.)
तत्त्व: माणसामाणसांत भेदभाव करणं चूक. कुठलाही. कसलाही. अपवाद नाही.

२१ फेब्रुवारी
लढ्याने थकवा येतो. दुपारी झोपलो.
जेवताना घरी विषय काढला. आप्पा म्हणाले, रीत आहे ती. गोदा म्हणाली, मग मी पण नाचवणार. गोदा माझी धाकटी बहीण. म्हटलं, तुला काय करायचंय? ती म्हणाली, आधी स्वतःचं ताट उचल.
ताट हा वेगळा विषय. तो भेदभाव नाही, कामाचं वाटप आहे. लढा भरकटवायची ही जुनी पद्धत.

२६ फेब्रुवारी
वेदिकाला सकाळी मेसेज: 'तयारी जोरात.' तिचा अंगठा आला. नुसता अंगठा, पण तीन मिनिटांत.
तयारी उद्यापासून.

२ मार्च, रविवार
देवळात गावाची बैठक. अध्यक्ष आत्मारामकाका. पालखीचे पहिले मानकरी आणि वेदिकाचे वडील, त्यामुळे मी शर्ट इन केला होता. भाषण चांगलं चाललं होतं. मध्येच आप्पा म्हणाले, घरात पाण्याचा तांब्या भरून घेत नाहीस, इथे समता कसली सांगतोस? माझं डोकं फिरलं. खुर्चीला लाथ बसली. खुर्ची प्लास्टिकची होती, लांब गेली. आत्मारामकाका म्हणाले, विनीत, जरा बाहेर वारा घे बाबा.
बाहेर पारावर बसलो. आतलं ऐकू येत होतं. आमच्या वाडीतली येसूबाई म्हणाली, गेल्या वर्षी वरच्या वाडीची घाटी चढताना तुमचे अर्धे पुरुष दगडावर बसून धापा टाकत होते, मेल्यांनो, देव उन्हात तापत राहिला. तेव्हा आमचे खांदे काय भाड्याने दिलेले? लोक हसले. मग बराच वेळ कुजबुज. मग काका म्हणाले, चला, बायकांनीही नाचवावी.
माझ्या भाषणाचा परिणाम व्हायला थोडा वेळ लागला, इतकंच.
वेदिका बाहेर येऊन येसूबाईच्या गळ्यात पडली. मी पारावरच होतो. गर्दीत तिला दिसलो नसेन.

५ मार्च
हर्षद आला. बोटीवर असतो. शिमगा आणि गणपती, एवढ्यालाच गावात उगवतो. उंच आहे. उगाच उंच आहे. संध्याकाळी वेदिकाच्या स्कूटीवर मागे बसलेला दिसला. गुडघे बाहेर आले होते.
बराच विचार केला. तत्त्व थोडं सुधारायला हवं. सगळाच भेद वाईट नसतो. कारण असेल तर तो नियम होतो. वर्षभर गावात राहणाऱ्यांनीच पालखीला खांदा द्यावा. यात व्यक्तिगत काही नाही.

६ मार्च
काकांना सुचवलं. ते म्हणाले, मुंबईवाल्यांनाही नको म्हणू? मग पालखी काय तू आणि गुरव नेणार?
वेदिका तिथेच होती. म्हणाली, मी पण आख्खा दिवस रत्नागिरीत असते, मी गावातली की बाहेरची? म्हटलं, तुझं वेगळं. ती म्हणाली, वेगळं कसं? उत्तर होतं, पण काकांसमोर देण्यासारखं नव्हतं.
सूचना मागे घेतली. डोकं दुखतंय.

९ मार्च, रविवार
सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यासमोर, सराव. खरी पालखी नाही. बांबू आणि त्याला मधोमध बांधलेलं भाताचं पोतं. एक पुढे, एक मागे. मी पटकन वेदिकाच्या मागे उभा राहिलो. हे ठरवून केलं नाही, जागा रिकामी होती.
ढोल वाजला. वेदिका नाचायला लागली. पोतं घसरत घसरत माझ्या छातीवर आलं. मग तोंडावर. मुलं शिट्ट्या मारत होती. काका म्हणाले, विनीत, बाजूला हो, जोडी उंचीने जुळायला पाहिजे.
म्हटलं, हा भेदभाव आहे! उंची काय मी निवडली? काल बाई म्हणून नको होतं, आज बुटका म्हणून नको, फरक काय?
ढोल थांबला. मला वाटलं, जिंकलो.
वेदिकाने बांबू खाली ठेवला, घाम पुसला. म्हणाली, फरक आहे रे. मला नको म्हणाले तेव्हा माझा खांदा कोणी बघितलाच नव्हता. तुझा बघितला, म्हणून नको म्हणतायत. देव तिरका झाला तर पडेल.
वाक्य चांगलं आहे. माझ्यावर नसतं काढलं तर पाठ केलं असतं.
तिच्या मागे हर्षद उभा राहिला. बांबू असा सरळ, की मला बघवेना.
काका म्हणाले, तुझी जोडी आहे की. गोदा! गोदा माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. खांदे तंतोतंत. सगळे म्हणाले, वा. मी म्हणालो, बहिणीबरोबर नाचायला मी आलेलो नाही. गोदा म्हणाली, मग कोणाबरोबर आला होतास?
घरी निघून आलो.

१० मार्च
बहिष्कार. कोणालाच सांगितला नाही. ज्यांना कळायचा त्यांना कळेल.

१४ मार्च, शुक्रवार
होळी झाली, पालखी घरोघरी निघाली. ढोल ऐकू येतात. बहिष्कार चालू. कोणी बोलवायला आलं नाही. गोदाला जोडी मिळाली म्हणे: येसूबाई.

१६ मार्च, रविवार
पालखी आमच्या अंगणात आली. घरचाच देव, बहिष्कार तात्पुरता उठवला.
पुढे गोदा, मागे येसूबाई. गोदा अशी नाचली की तिला मी ओळखलं नाही. आप्पा खांबाला टेकून बघत होते. रीत आहे ती, म्हणणारे आप्पा. डोळे पुसत होते. मग गोदाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, दुखतोय काय गो? माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर काय बोललो असतो, माहीत नाही.
नंतर वेदिका आणि हर्षद. ते लिहीत नाही.
आई, काकू, सगळ्या बायका अंगणात. चहाचं कोण बघणार? आप्पा म्हणाले, विनीत, आधण ठेव. ठेवलं. पातेलं मोठं होतं, धूर डोळ्यांत गेला. गुळाचा चहा नको म्हणून साखर शोधली, तीही मीच. सगळ्यांना सारखा चहा दिला. लहानमोठा, गावचा-मुंबईचा, बाई-पुरुष, काही बघितलं नाही.
फक्त हर्षदचा कप वेगळा काढला आणि त्यात साखर घातली नाही.
तो दोन घोटांत प्यायला. म्हणाला, वा! मला बिनसाखरेचाच लागतो. तुला वेदिकाने सांगितलं वाटतं?
कपबशा अजून विसळायच्या आहेत.