"आणि घासलेट?"

४ जाने., रवि.
नक्की झालं. 'गोंदूनाना हाजीर' १७ तारखेला उमरग्यात. सोलापूरचा प्रयोग आटपून कंपनी हैदराबादला निघालीय, मधली संध्याकाळ आपली. प्रयोग ठरवणाऱ्या देशमाने सरांचा फोन आला तेव्हा सुधीर दुकानात, हातात गिऱ्हाइकाच्या ट्रकची क्लचप्लेट. ती तशीच घेऊन घरी आला. चेहरा असा, की मला वाटलं काहीतरी वाईट झालं.

मग बराच वेळ नुसत्या येरझाऱ्या. "मंजू, नाना येतायत आपल्या गावात." म्हटलं, नाना नाही, नानांवरचं नाटक. तंबूत आणि कॅसेटवर सगळ्यांना हसवणारे नाना जाऊन किती वर्षं झाली. "तेच गं."

हे वेड मी लग्नातच बघितलं. नवरदेवानं बोहल्यावरून उतरून गोंदूनानांची नक्कल केली होती, भटजीसुद्धा हसले.

आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगितलं, तुमच्या लेकाचे नाना येतायत. शेंगा फोडत होत्या. "नाटक कशाला पायजे आता," एवढंच म्हणाल्या आणि सुपातली टरफलं पाखडायला उठल्या. त्यांना हसण्या-खिदळण्याची आवड नाहीच पहिल्यापासून.

६ जाने., मंगळ.
नाट्यगृह नाही म्हणून मंगल कार्यालय. साउंड यासीनभाईंचा. "भाभी, फिकीर नक्को, शेवटच्या खुर्चीला खोकला ऐकू येईल."

मोठी बातमी अशी, की प्रयोगाच्या आधी दहा मिनिटं स्थानिक कलाकाराला. म्हणजे सुधीर. आणि करायचं काय, तर नानांचं 'घासलेट'च. बायको मी.

आता इथं कुणाला सांगायला नको तो प्रवेश, पण लिहिते, कारण आज पहिल्यांदा त्यातले शब्द नीट बघितले. नवरा घासलेट आणायला जातो आणि रिकाम्या हातानं येतो. मंत्री भेटला, त्यानं खांद्यावर हात टाकला, मुंबईला बोलावलं, असल्या थापा. बायको सगळं ऐकून विचारते, "आणि घासलेट?" तो आणखी मोठी थाप मारतो. "ते झालं. आणि घासलेट?" तिसऱ्यांदा विचारलं की थोबाडीत. थिएटर कोसळतं. कॅसेटवर तो फटका ऐकून आम्ही लहानपणी लोळायचो. अजूनही हायवेवरच्या कुठल्याही हॉटेलात "आणि घासलेट?" म्हणा, चार लोक हसणारच.

९ जाने., शुक्र.
आज जे झालं ते नीट लिहायला पाहिजे.

संध्याकाळी बैठकीत तालीम. सुधीरनं टोपी तिरकी केली की खरंच नाना दिसतो. मीही रंगात आले. तिसरं "घासलेट" म्हटलं, त्यानं हात उचलला. मारत नाही, गालाजवळून नेतो आणि टाळी मी वाजवते. तेवढ्यात आत्याबाई दारात.

"हात लावायचा न्हाय तिला."

सुधीर हसला. "आई, खोटं खोटं आहे."

"खोटं न्हाय अन् खरं न्हाय. माझ्या घरात न्हाय."

इतक्या वर्षांत मी त्यांचा असा आवाज ऐकला नाही. पातेल्यातलं दूध उतू गेलं तरी कुणाचं लक्ष नाही. सुधीर म्हणाला, "लहानपणापासून करतोय मी हे. तेव्हा कधी बोलली नाहीस." त्या आत गेल्या. जेवल्या नाहीत.

सुधीर म्हणतो, वय झालं. मला तसं वाटत नाही.

१० जाने., शनि.
माझी रक्ततपासणीची लॅब दुपारी सुटली. सुधीर दुकानात. आत्याबाई गच्चीवर तीळ वाळवत होत्या, मी जाऊन शेजारी बसले. विचारलं नाही काही. त्यांनीच सुरू केलं.

त्या नानांच्या कंपनीत होत्या. दोन हंगाम. लग्नाआधी, परंड्याहून. कंपनी तिथं आली होती, बायकांचं काम करणारी पोरगी पळून गेली म्हणून नाना घरोघर विचारत हिंडले. घरी खाणारी तोंडं जास्त, वडलांनी पाठवलं. तेव्हा नानांना कुणी ओळखत नव्हतं.

 सुधीरचे नाना. आणि ह्या.

"घासलेट त्येनं न्हाय लिवलं," म्हणाल्या. "लिवल्यालं व्हतं, 'धनी, तुमी लई मोठं काम केलं.' एवढंच म्हणायचं अन् गप ऱ्हायाचं. एक दिवस कळंबला माझ्या तोंडातून निघालं. आमची आय बापाला असंच इचारायची. बाप बाजारातून फुशारक्या मारत यायचा, आय म्हणायची, ते असू द्या, आणि घासलेट? ते आठिवलं अन् म्या बोलले."

"मग?"

"मग काय. अख्खा तंबू हसला. त्येचं पुढलं कुणाला ऐकूच आलं न्हाय. त्येनं पुन्यांदा थाप मारली, म्या पुन्यांदा इचारलं. मला बी मज्जा वाटाय लागली गं." इथं जरा हसल्या. मग थांबल्या. "तिसऱ्यांदा इचारलं तवा त्येनं मारली. नाटकातली न्हाय, रागानं. कानाचं सगळं सुन्न. अन् लोक त्येच्याहून जास्ती हसले."

त्या दिवसापासून रोज. आवाज खरा आला पाहिजे म्हणायचा. डावा कान हंगाम संपायच्या आत गेला. आम्हाला सगळ्यांना ठाऊक, की लहानपणीच्या तापानं गेला. फक्त मामंजींना खरं माहीत होतं.

म्हटलं, सुधीर लहानपणी नक्कल करायचा तेव्हा तुम्ही का नाही...

"पोरगं धा जणांना हसवत व्हतं. काय सांगू त्येला."

माझा हात धरला. "सुधीरला कळू द्यायचं न्हाय. माझी शपथ हाय तुला."

शपथ घेतली. खाली आले. मीही हसले होते त्या फटक्याला. कालपर्यंत.

१२ जाने., सोम.
सुधीरला सांगितलं, मी काम करणार नाही. कारण? काही नाही, जमत नाही मला. "काल-परवापर्यंत जमत होतं." भीती वाटते. "तुला? लॅबमध्ये दिवसभर सुया टोचतेस." खोटं बोलता येत नाही मला, आणि त्याला ते कळतं.

शेवटी म्हणाला, आईनं काही भरवलंय तुझ्या डोक्यात. माझ्या आयुष्यात एकदाच असं काहीतरी येतंय, आणि घरातल्या दोन्ही बायका...

 ताटावरून उठला.

१४ जाने., बुध. संक्रांत
हळदीकुंकवाला बायका. एकच विषय. "वहिनी, तुम्हीच थोबाडीत खाणार म्हणे." सगळ्या हसल्या. मी तिळगूळ वाटत राहिले. आत्याबाई कोपऱ्यात, उजवा कान बायकांकडे. सगळं ऐकू येत होतं त्यांना.

एकीनं त्यांनाच विचारलं, आजी, तुम्ही बघितले होते का हो नाना कधी?

"लांबून," म्हणाल्या.

सुधीर आता एकटाच करणार, बायकोशिवाय, नुसत्या थापा. देशमाने सरांना सांगितलं, आमची हिरॉईन घाबरली. माझ्याशी कामापुरतं बोलतो. डबा, किल्ली, दूध.

बायका गेल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "म्या येनार नाटकाला."

"नका येऊ."

"येनार. काय दावत्यात ते बघते."

१६ जाने., शुक्र.
राहवलं नाही. देशमाने सरांकडून कंपनीच्या मॅनेजरचा नंबर घेतला, म्हटलं चाहती आहे. विचारलं, घासलेटचा प्रवेश आहे का?

"आहे म्हणजे काय मॅडम, तोच तर जीव आहे. नुसता प्रवेश नाही, तो जन्माला कसा आला ती पूर्ण गोष्ट आहे. पब्लिक वेडं होतंय. पुढचं सांगत नाही, सरप्राइज."

मग म्हटलं, पहिल्यांदा बायकोचं काम कुणी केलं होतं, त्याचा उल्लेख?

"एक पोरगी होती म्हणतात. नाव कुणाला माहीत."

फोन ठेवला. रक्ताच्या बाटल्यांवर लेबल लावताना एक चुकलं, परत लावलं.

आत्याबाईंना सांगू का नको. सांगितलं. भाजी निवडत ऐकून घेतलं. "बरं," म्हणाल्या.

१७ जाने., शनि. सकाळ
सुधीर पहाटेच कार्यालयात. यासीनभाईंचे स्पीकर उतरतायत. तिकिटं संपली, ढोकीहून कारखान्याची माणसं जीपनं येणार म्हणे. आत्याबाईंनी ठेवणीतलं इरकल काढलंय. मी म्हटलं, बरं वाटत नाही असं सांगू का? त्या इरकलाच्या घड्या मोडायला लागल्या.

सगळं नीट होऊ दे. नीट म्हणजे काय, तेच कळत नाही.

१८ जाने., रवि.
पहिली रांग. सुधीरची जागा मध्ये, डावीकडे मी, उजवीकडे आत्याबाई. सुधीरनं आधी थापा केल्या, छान केल्या, खूप टाळ्या. घामानं भिजून येऊन बसला आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा माझ्या हातावर हात ठेवला.

नाटक चांगलं आहे. हे लिहायला पाहिजे. नानांचं काम करणारा नट भारी, मी दोनतीनदा मनापासून हसले आणि लगेच आत्याबाईंकडे बघितलं. त्याही एकदा हसल्या, नाना बैलगाडीतून पडतात तिथं. "असाच पडला व्हता," सुधीरला म्हणाल्या. नाटकाच्या आवाजात त्याला ते ऐकू आलं नाही.

मध्यंतरानंतर ते आलं. तंबू, कंदील. एक घाबरट मुलगी, हातपाय कापतायत, पदर तोंडात. नट लोकांकडे वळून सांगतो: नवी पोरगी, ऐनवेळी शब्द विसरली. तोंडाला येईल ते बरळली, आणि घासलेट? आता दुसरा नट असता तर प्रयोग पडला असता. पण नाना ते नाना. त्यांनी एक चपराक दिली आणि प्रवेश वाचवला. कोण होती ती, कुठली होती, देवाला ठाऊक. पण एवढं खरं, तिच्या विसरण्यावर नाना मोठे झाले.

मग ते दाखवलं. एक, दोन, तीन. फटका. यासीनभाईंच्या स्पीकरमधून तो सगळ्या कार्यालयात घुमला. लोक खुर्च्या बडवत होते. सुधीर पुढं वाकून हसत होता, डोळ्यांत पाणी.

हसू ओसरलं. नट पुढचं बोलायला तोंड उघडणार, तेवढ्या फटीत आत्याबाई बोलल्या. ओरडल्या नाहीत. घरात बोलतात तसं.

"म्या इसरले न्हवते."

नटानं खाली बघितलं. खरंच बघितलं, आमच्या रांगेकडं. ती मुलगी गालावर हात धरून तशीच उभी. मग त्यानं पुढचं वाक्य घेतलं आणि नाटक चालू झालं. मागच्या लोकांना काही कळलं नसेल.

सुधीरचं हसू तोंडावरच राहिलं. "काय म्हणालीस, आई?"

"काय न्हाय. बघ म्होरं."

त्यानं पुढचं बघितलं नाही. मी बघत होते त्याला. तो आईकडं बघत होता, एका बाजूनं, तिचा डावा कान, मग स्टेज, मग परत कान. पडदा पडला, सगळे उभे राहून टाळ्या. आम्ही तिघं बसलेलो. देशमाने सर येऊन सुधीरला ओढत होते, चल, नटांसोबत फोटो. तो गेला नाही.

घरी आलो. आत्याबाई लगेच झोपायला गेल्या. सुधीरनं मला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"शपथ आहे मला."

"म्हणजे आहे काहीतरी."

मी अंथरूण घालायला गेले. सकाळी उठले तर तो अंगणात बसलेला, रात्रीचेच कपडे. आत्याबाईंनी त्याच्यापुढं चहा ठेवला. त्यानं घेतला. त्या बोलल्या नाहीत, ह्यानं विचारलं नाही. अख्खा रविवार असा.

१९ जाने., सोम.
सकाळी देशमाने सर घरी आले. हैदराबादहून त्या नटाचा फोन आला होता त्यांना. पहिल्या रांगेतल्या त्या आजी कोण? काय म्हणाल्या त्या? तो म्हणे दोन दिवस तेच घोकतोय, आणि ती मुलगी रडली मेकअपच्या खोलीत. त्याला बोलायचंय. सरांनी नंबर लावूनच फोन सुधीरकडे दिला.

सुधीरनं तो आईपुढं धरला.  "आई. ते नाव विचारतायत. पुढच्या प्रयोगात घ्यायचं म्हणतात."

आत्याबाईंनी फोन घेतला नाही. हात पुसत राहिल्या पदराला. मला वाटलं, आत जातील.

"त्येंना म्हणावं, नाव मागनं. आधी खोटं काढा त्यातलं." मग, "अन् आज न्हाय म्हणावं. आज मला माझ्या पोराशी बोलायचंय."

सरांना काही कळेना. मी त्यांना दारापर्यंत सोडलं. परत आले तर आत्याबाई चटई टाकत होत्या, सुधीरच्या डाव्या हाताला. म्हणजे त्यांचा उजवा कान त्याच्याकडं येईल असं. मला म्हणाल्या, "तू जा लॅबला. तुझी शपथ सुटली."

निघताना ऐकलं, सुधीर म्हणत होता, "आई, मी लग्नात सुद्धा..." आणि त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. तुला काय ठावं."

एवढंच ऐकलं. दार लोटून आले.

आता दुपार. यासीनभाई रिपोर्ट न्यायला आले होते. "भाभी, सुधीरभाईंचं शटर बंद आहे. तब्येत बरी ना?" म्हटलं, बरीय. घरी फोन लावला. वाजत राहिला.