होडीच्या शेडमधल्या कोंबड्या

चिलोए बेट, ९ नोव्हेंबर १९६८

चि. एलिसेओ यास आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवाच्या गारांत सफरचंदाच्या झाडावर झोपलेल्या दोन कोंबड्या गेल्या. म्हणून उरलेल्यांसाठी तुझ्या बाबांची होड्या बांधायची शेड साफ करायला घेतली आहे. ते गेल्यापासून तिथे झाडू फिरला नव्हता. भुसा, उंदरांची घरटी, दगड झालेलं डांबर. खरवडून खरवडून कंबर धरली. भिंतींना चुना दिला की पिसवा तरी होणार नाहीत. पण मधोमध तुझी अर्धवट होडी बसली आहे ना! बाबांनी ती तुझ्यासाठी बांधायला घेतली, आणि तुम्ही दोघंही निघून गेलात. ते देवाघरी, तू मेंढ्या कातरायला.

ती हलवायची तर बैल हवेत, माणसं हवीत, म्हणजे सगळ्या गावानं मिळून हात लावायची मिंगा आलीच. सगळ्यांना जेवू घालीन मी. पण शेजारचे आबेलार्दोकाका म्हणतात, होडी ज्याची त्यानंच दारोदार जाऊन गाव बोलवायचं. पोरगा धडधाकट असताना आई कशाला फिरते? हंगाम संपला की येतोस ना?

लोभ आहेच, तो तिकडे आटू देऊ नकोस.
तुझी आई, क्लोरिंदा

रिओ गायेगोस, ३० नोव्हेंबर

ती. आईस सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. यंदा मेंढ्या पुष्कळ, त्यामुळे हंगामानंतरही येणं जमेलसं दिसत नाही. होडीची काळजी सोड. फोड आणि चुलीत घाल. कोंबड्यांना ऐसपैस जागा होईल.

माया असू दे.
तुझा, एलिसेओ

चिलोए, २१ डिसेंबर

चि. एलिसेओस आशीर्वाद.

चुलीत घाल म्हणे! कुऱ्हाड घेऊन गेले होते रे. बाबांनी रंधा मारलेल्या फळ्यांवरून हात फिरवला आणि तशीच परत आले. तुझ्या जिभेला काही हाड?

आणि हे अक्षर कोणाचं? तुझं अक्षर म्हणजे चिखलातून खेकडा गेल्यासारखं. हे कसं गोल गोल, बाईमाणसाचं! कोण आहे ती? लग्न उरकून मोकळा झाला असशील तर सांगून टाक. दोन दिवस रडेन, मग तिच्यासाठी लोकर विणायला घेईन. पण आईला अंधारात ठेवू नकोस.

रागावले असले तरी लोभ तोच.
आई

रिओ गायेगोस, १२ जानेवारी १९६९

ती. आईस सा. न.

ती कोणी नाही, आई. माझ्या खोलीत राहणारा ग्रेगोरिओ आहे, चांगला मिशाळ. मी सांगतो, तो लिहितो.

हंगामाच्या सुरुवातीलाच कातरायच्या यंत्रात माझा उजवा हात सापडला. अंगठा आणि करंगळी उरली. आता इथे स्वयंपाकघरात बटाटे धुतो. होडी कुठली बांधतोय? वल्हंही धरता येणार नाही. मिंगा मागायला ये म्हणतेस, पण ज्यांनी माझ्यासाठी खांदा लावला, त्यांच्या मिंगेला उद्या मला जावं लागेल. मी कुणाचं काय उचलणार? काका तोंडावर काही म्हणायचे नाहीत, पण मलाच लाज वाटते. मला बोलावू नकोस.

एलिसेओ

ता. क. काकू, हे मी माझ्या मनानं लिहितोय. तो धड जेवत नाही. रोज संध्याकाळी हात खिशात घालून भिंतीकडे तोंड करून बसतो. मला काय करावं कळत नाही. – ग्रेगोरिओ

चिलोए, ४ फेब्रुवारी

माझ्या एलिसेओ, अनेक अनेक आशीर्वाद.

पत्र शेडमध्ये बसूनच वाचलं. चुना अर्धा राहिला. मग दुसऱ्या दिवशी उरलेला दिला, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. मिंगा बोलावली नाही, कुणाला काही सांगितलंही नाही. होडी आहे तिथेच आहे. तिच्याभोवती झाडलं, खोक्यांत गवत भरलं, बसायला दांडे बांधले. कोंबड्या दांडे सोडून होडीच्या फासळ्यांवर जाऊन बसतात. हाकलायचं बळ नाही माझ्यात.

तुझ्यावर चिडायचं ठरवलं होतं, तेही जमलं नाही. तू तिथे दुखणं सोसत होतास आणि मी इथे सुनेची थट्टा करत होते, या विचारानं घास उतरत नाही. इतक्या लांबून मी तुझ्या हातावर फुंकरसुद्धा घालू शकत नाही. नुसतं लिहून तू येशील असंही नाही, हे कळतं मला. तरी लिहिते.

कुणाच्या दारी जायचं नाही, कुणाचं काही फेडायचं नाही. नुसता ये.

आई