तेलाचा थेंब नाय

विचुंबे,
१० नोव्हेंबर २०२४

चि. बाय रंभा हिस,
अ. उ. आ. अक्षरं पुरी लिवत बसत नाय, आशीर्वाद पुरा हाय आसा समज.

फोनवर तुला ऐकू येत नाय. मी वराडतो, नि आमच्या टावरात समोरची बाई दार उघडून बगते, कोन मेला म्हनून. म्हनून चिठी. तुज्या शेजारची मैना मासली इकायला पनवेलच्या बाजारात येते, तिच्या पाटीतून धाडतोय. वास मारंल. तसाच वाच.

चालायला लागलो की डाव्या पायाची पोटरी आवळते, ओल्या कपड्याला पिळ घालावा तशी. थांबलो की सुटते. पुन्हा चाललो की पुन्हा तेच. मी म्हनालो वाताचा हाय, तेल चोळा. केतन नि सूनबाय दिपिका ऐकंनात. खांदा कॉलनीतल्या डाक्टरनीकडं नेला. तिनं दंडाला पट्टा बांधून प्रेशर बगितला, मग घोट्याला बांधला. आता घोट्याला कुटं प्रेशर आसतो? म्हनाली पायाला रगत नेनारी नळी आतून भरत आलीय. पायाची भरली तर हृदयाची नि डोक्याची पन भरलेली आसू शकते. सांभाळला नाय तर पुडं पाय जाऊ शकतो. मी म्हनालो बरा, चप्पल येकच लागंल. ती हसली नाय.

तंबाखू बंद. मटनाची चरबी, वडे, डालडा, बेकरीची खारी बंद. तेलकट नको म्हनाली तर आमी घरी येऊन तारली नि बांगडा पन बंद केला, त्याचा तेल तर तव्यावर आपसूक सुटतो. दुधी खातोय. मी! दुधी!

तू रडत बसू नको. एप्रिलात मनस्वीचा लगीन हाय. भाचीला हाताला धरून मांडवात मीच नेनार. तवर सुकी मासली धाड. सुक्यात तेल नाय, ती चालंल.

माया हाय तेवडी पुरे, वाडवू नको.
तुजा दादूस,
बळीराम

केगाव,
१७ नोव्हेंबर

ती. दादूस यास,
शि. सा. न. वि. वि.

पाय जाऊ शकतो ह्ये तू चपलेसारका लिवलास. वहिनी आसती तर तुला आसा बोलू दिला नसता.

मैनाबरोबर खारे बांगडे, सुकट नि बोंबील धाडलेत. बांगड्यात मीठ चांगला दाबून भरलाय. मिठागरावर वाढलेली मानसं आपन, आपल्याला मिठाचा काय भ्या? नुसता निखाऱ्यावर भाज, तेल लावू नको.

येक सांगते, राग धरू नको. आमच्या गल्लीत गाडी शिरत नाय. घरापासून मांडव लांब हाय. ह्ये म्हनतान की चुलतभाव बाळू पन मामाच लागतो, तो नेईल. नायतर तुला चाकाच्या खुर्चीत बसवू.

तब्येतीची खरी खबर धाडीत जा, खोटी नको.
तुजी बाय,
रंभा

विचुंबे,
५ जानेवारी २०२५

चि. रंभास आशीर्वाद.

बाळू मामा? त्याला सोताची लुंगी सांभाळता येत नाय, तो नवरी काय सांभाळनार. नि चाकाची खुर्ची आनलीत तर तिच्यात नवरदेवाच्या आयशीला बसवा.

मासली जाम झकास. दोन्ही टायमाला भाजून खातो, सकाळी पेजेबरोबर पन. समोरच्या बाईनं वासाची तक्रार केली. मी तिला सांगितला, डाक्टरी पथ्य हाय, तेलाचा थेंब नाय.

खरी खबर मागितलीस म्हनून लिवतो. आदी दुकानापर्यंत जायचो, आता गेटपर्यंत पन पोटरी धरते. डोका जड आसतो. पायाच्या आंगठ्याला चिमटा काडला तर कळत नाय. येवडा पथ्य करून उलटाच चाललाय. रातचा भ्या वाटतो, पोरांना सांगितला नाय. तुला सांगितला. तू पन सांगू नको.

मनस्वीला म्हन, मामा येतोय.
बळीराम

खांदा कॉलनी,
१३ जानेवारी

ती. आत्याबाईंना,
दिपिकाचा सा. न.

हे पत्र दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय, कारण आत्ता लिहिलं नाही तर मला रडू येईल. तपासणीला आणलं तर बाबांचं बीपी खूप वाढलं होतं. डॉक्टर मॅडमनी विचारलं, दिवसभरात काय काय खाता ते सांगा. बाबांनी छाती पुढे काढून सांगितलं की खारा बांगडा, सुकट, बोंबील, आणि तेलाचा थेंब नाही. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

त्यांनी समजावलं की इतक्या मिठानं रक्ताचा दाब चढतो, आणि तो दाब आधीच खराब झालेल्या नळ्यांवर रोज हातोडा मारतो. आणि आम्ही बंद केलेली ताजी तारली, बांगडा? ती तर खायला हवी होती! माशाच्या अंगातलं तेल आणि कढईतलं तळणीचं तेल एक नव्हे. आम्ही चालणारं बंद केलं आणि नको ते दोन वेळा वाढलं. मी ग्रॅज्युएट आहे आत्या, आणि मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही.

पण मॅडम म्हणाल्या, वेळ गेलेली नाही. पाय गरम आहे, म्हणजे रक्त पोचतंय, जखम नाही. गोळ्या, कमी मीठ, भाज्या, कडधान्यं, आणि दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, परत चालायचं. लग्नात चालायचं मार्चमध्ये बघून ठरवू म्हणाल्या.

तुम्ही स्वतःला दोष देऊ नका, प्लीज. पुढची पाटी मात्र ताजी पाठवा.
तुमची,
दिपिका

केगाव,
१९ जानेवारी

ती. दादूस, न. वि. वि.

मीच माज्या हातानं मीठ दाबला. दोन दिवस भाताला पन मीठ घातला नाय. मग ह्ये वैतागून बोलले की तू आळनी खाऊन त्याचा पाय बरा व्हनार हाय का. खरा हाय. रडून झाला.

आता ऐक. मैनाकडं बर्फात तारली दिलीय. चिंच, लसून, हिरवी मिरची घालून वाफेवर शिजव, मीठ चिमटीभर. मैनाच्या पोरीकडून वाल नि मेथी पन घे. सुकी मासली उरली आसंल ती परत धाड. लपवून ठेवशील, मला तू म्हाईत हाय. दिपिकाला सांगितलाय पेटीपलंगाखाली बगायला.

चाल रे बाबा. पोर इचारते, मामा येनार ना.
रंभा

विचुंबे,
१६ मार्च

चि. रंभास आ.

पेटीपलंगाखालची गावली. चुगलीखोर.

आज डाक्टरनीकडं गेलो व्हतो. प्रेशर उतरला. आंगठ्याला चिमटा काडला तर वराडलो, इतका बरा वाटला की पुन्हा काडला. आता सकाळी गावाच्या जुन्या तलावापर्यंत जातो. वाटंत येकदा पोटरी धरते, उभा ऱ्हातो, सुटते, निघतो. डाक्टरनी म्हनाली नळी काय नवी व्हनार नाय, गोळ्या नि पथ्य जल्मभर, पन पाय जागेवर ऱ्हानार. मी बाहेर येऊन केतनला चहा पाजला. बिनखारीचा.

सुकटीची आठवन येते, खोटा कशाला बोलू. खाली कोनी भाजली की मी खिडकीशी उभा ऱ्हातो. दिपिका खिडकी लावते.

बाळूला सांग, लुंगी घालून निवांत बस.
दादूस

केगाव,
२७ एप्रिल

ती. दादूस यास न. वि. वि.

तुमी गेलात नि मांडव सुना झाला. हळदीला मटनाच्या टोपाकडं पाठ करून बसलास, ते सगल्या भावकीनं बगितला. वाटीभर रस्सा मागून घेतलास, ते मी बगितला.

येकच इचारायचा हाय. मनस्वीला घेऊन दारातून निगालास, गल्लीच्या मदी येऊन थांबलास. माजा जीव कुडीत नव्हता. लग्नाचा धवला गानाऱ्या गंगाबाईनं पन बगितला नि तिनं तेच कडवं पुन्हा धरला, कुनाला कळू नये म्हनून. बाळू पुडं सरकला व्हता. लय दुखत व्हता का रे? खरा लिव. दिपिका पन सांगंना.

रंभा

विचुंबे,
१ मे

चि. बाय रंभा,
आशीर्वाद, नि तुज्या जावयाला पन.

माजा पाय ठीक व्हता. तुजी पोर थांबली. सकाळपासून पाटावर मांडी घालून बसवलीत तिला, पायाला मुंग्या आलेल्या. रडकुंडीला येऊन कानात बोलली, मामा, पाय उचलत नाय. मी तिला सांगितला, घाबरू नको, ह्ये मला म्हाईत हाय. उभी ऱ्हा, माज्यावर भार टाक, सुटंल. तिनं टाकला. मी उभा ऱ्हायलो. सुटला. मग गेलो.

बाळूला ह्ये जरूर वाचून दाखव.

मैनाकडं तारली धाड, ताजी. तुज्या हातचा जेवन हवा हाय, म्हनून तुजी काळजी पन घे.
तुजा दादूस,
बळीराम