गाईनं खाल्लेले लाडू

चिचगड, माघ महिना, १९५६

तीर्थस्वरूप मनकर्णाबाईंच्या पायी धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे उदारामचा, दंडवत. तुमचा गुडघा आता ऐकतो का? इकडं धान ढोलीत पडलं, सारे सुखरूप, फक्त माझी अब्रू गेली.

सून प्रेमिलाला सातवा महिना. नर्सबाई आल्या, तिची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाल्या, अंगात रक्त नाही, पोटभर जेवू घाला, नाहीतर बाळंतपण जड जाईल. पण आमच्या घरी तुमचा कायदा: गरोदर बाईनं अर्धपोटी राहावं, म्हणजे लेकरू लहान राहते, अडत नाही. (तुमची मधली बहीण पुष्पाबाई बाळंतपणात अडून गेली, त्या दिवशी तुम्ही तो धाकट्या धुरपताला सांगितला. मी विसरलो नाही, बाई. तिच्या तिरडीला माझाही खांदा होता.)

म्हणून जेवण झालं की मी तिळाचे दोन लाडू मागू लागलो. "म्हातारपणी जीभ सुटली तुमची!" धुरपता म्हणे, पण देई, पुढं दोनाचे चार झाले. ते बंडीच्या खिशात लपवून मी धानाच्या ढोलीच्या झाकणावर ठेवी, कारण कांडायचं धान काढायला प्रेमिला रोज तिथं येते. सासऱ्यानं सुनेशी बोलायचं नाही, म्हणून नुसता खोकायचो. (खोकून खोकून घसा बसला.) पंधरा दिवस झाले, पोरगी तशीच पांढरी, गाय मात्र मला पाहिलं की दावं ताणते आणि खिशात तोंड घालते! प्रेमिलाला वाटलं, सासूनं धानाला नैवेद्य ठेवला. रोज हात जोडून तिनं तो गाईला चारला.

शेवटी काल मी गाईलाच मोठ्यानं सांगितलं, "कपिले, हा लाडू तुले नाही, आपल्या सुनेले आहे. तिनं खाल्ला पाह्यजे." दाराआडून प्रेमिला हसल्याचा आवाज आला. मागं वळतो तर धुरपता उभी.

"गाईले कायले सांगता? मले काऊन नाही सांगितलं?"

"तू तरी जेवू घालून राहिली का तिले?"

 ती हळूच म्हणाली, "थोरल्या बाईचा शब्द मी कशी मोडू?"

बाकी क्षेम. गुडघ्याला तेल लावत जा.

ता. क. मंगळवारी तुम्हाला आणायला दमणी पाठवतो, बैल गरीब आहेत. नर्सबाई म्हणतात, आईच्या जेवण्यानं बाळ अडत नाही. उपाशी आईला मात्र कळा सोसायला बळ उरत नाही. ते त्यांच्याच तोंडून ऐका आणि तुमचा शब्द तुम्हीच मागं घ्या.

पुन्हा ता. क. पत्र वाचून दाखवलं, तर धुरपता म्हणते, "दोनाचे चार कोणं केले? खिशाचा तेलकट डाग धुतला, तेव्हाच समजलं मले." येताना तीळ आणा. आमचे गाईनं संपवले. आणि आता पहिला लाडू प्रेमिलाच्या हातावर तुम्हीच ठेवायचा.