पांढऱ्याखालचा लाल

९ फेब्रुवारी
गाडी आली वाशीमहून. लालची पांढरी. रहीमभाई पेंटर स्वतः घेऊन आले आसेगावपर्यंत, हळूहळू.
दादाला जाऊन तीन महिने. कारंज्याच्या रस्त्यावर गाडी नीट कडेला घेतली, इंजिन बंद केलं, मग गेला. हार्ट. तेव्हापासून गाडी दारात उभीच होती. आई म्हणायची, "लाल रंग दिसला का वाटते, आला माहा पोरगा. इकून टाक नाईतर रंग बदल." विकवलं नाही.
रहीमभाई: "ताई, वरून वाळला दिसते, पण आतून कच्चा हाये. महिनाभर शाम्पू नाई, पॉलिश नाई, धुळीत चालवणं नाई. झाकायचं तर बिलकुल नाई. रंगाले दम घेऊ द्या."
आई बाहेर आली नाही. थिनरचा वास पार स्वयंपाकघरात.

११ फेब्रु.
पोस्टात ड्युटीवर जायच्या आधी एक फेरी गाडीभोवती. साळुंकीनं टपावर घाण केली होती. ओल्या मलमलनं अलगद टिपली. लिंबाखालून काढून टिनाच्या शेडमध्ये लावली, झाडाचा चीक गळतो.
पांढरी गाडी परक्याची वाटते. सवय होईल.

१४ फेब्रु.
धनजच्या मावशीचा फोन. आधी इकडचं तिकडचं, मग, "काहून वं, गाडी इकली का? सकाळी आमच्या घरापुढून गेली. लालच. मागच्या काचेवर त्याचं तेच चक्राचं स्टिकर."
म्हटलं, गाडी घरी आहे, पांढरी आहे, अजून चालवायचीसुद्धा नाही.
मावशी म्हणाली, "तशा लय गाड्या असतात."
असतातच.

१७ फेब्रु.
शेजारच्या वावरात हरभऱ्याचं थ्रेशर. गाडीवर भुसाच भुसा. कोरडं फडकं मारलं तर ओरखडे येतील. नुसतं पाणी सोडलं वरून.
मंगरुळपीरच्या पोस्टात, काउंटरवर दादाच्या शाळेतले एक पालक. "काल सर दिसले गाडीत. म्या हात केला, पाह्यलंच नाई त्यायनं."
त्यांना माहीत नव्हतं. सांगितलं.
चेहरा उतरला त्यांचा. "मंग म्या कोणाले हात केला?"
पावती न घेताच गेले.

२० फेब्रु.
बॉनेटवर दादाची सोलापुरी चादर! आईनं घातली. चिडले मी. "रहीमभाई काय म्हणाले होते?"
"उघडीच हाये ते. पहाटे गारठा पडते."
चादर काढली तर विणीचे ठसे रंगात उमटलेले. झोपून उठलेल्याच्या गालावर उमटतात तसे. रहीमभाईंना फोन. "उन्हात राहू द्या, थोडंफार भरून येईन."
आई गाडीजवळ जायला लागली हे बरं की वाईट?

२४ फेब्रु.
आईनं ड्रायव्हरकडचं दार उघडलं. दाराच्या आतल्या कडांना रंग मारलेला नाही, तिथं जुना लाल तसाच.
"आतून लालच हाये की," म्हणाली. हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा.
मग म्हणाली, "त्याले आपली गाडी वळखू येईन का आता?"
"आई, दादा नाही आता."
"मले माहीत हाये वं. शेवटचं तोंड मीच पाह्यलं त्याचं."
अगदी शांतपणे. त्या शांतपणानंच भीती वाटली. बरळली असती तर परवडलं असतं.

२७ फेब्रु.
मी पाहिली.
मं.पीर स्टँडसमोर, भर दुपारी. लाल. नंबर वाचणार तोवर एसटी आडवी आली. एसटी गेली तर रस्ता मोकळा.
आमच्या घरात भूतखेत कोणी मानलं नाही. वडील असते तर म्हणाले असते, "डोळे तपासून घे."
आईला सांगितलं नाही. जेवताना तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठं दिसली?"

१ मार्च
विणीचे ठसे गेले. रंग काचेसारखा झालाय. पाहिलं की स्वतःचं तोंड दिसतं. लाल काढायला नको होता का, असं पहिल्यांदा वाटलं. पण आईसाठीच तर काढला.
आईनं आज डोक्याला तेल लावून मागितलं. चांगलं लुगडं बाहेर काढून ठेवलं. "कुठं जायचंय?" "पाहू."

२ मार्च, रविवार
आई घरात नाही.
मी मागं कपडे धूत होते. हॉर्न ऐकला. आपल्याकडचा नसेल म्हणून उठले नाही.
समोरचे गजाननकाका: "गाडी आली, तुही माय पदर सावरत गेली, बसली. मले वाटलं तूच बसवून दिली."
"कोणती गाडी?"
"तुमचीच. लाल—" म्हणाले, आणि शेडमधल्या पांढऱ्या गाडीकडे पाहत राहिले.
आईचा मोबाईल घरातच. मावशी म्हणते, इकडं आली नाही. चौकीत सांगितलं. ते म्हणाले, नातेवाइकांकडे विचारा आधी.
गाडी काढते. आधी धनजच्या रस्त्यानं, पहिल्यांदा तिकडंच दिसली होती.

दुपार. धनज फाटा.
वाटेभर खडी, धूळ. समोरच्या टिप्परचे दगड बॉनेटवर ताडताड. किती टवके उडाले, उतरून पाहिलं नाही.
चहाच्या टपरीवाल्याला विचारलं.
"लाल? व्हय, आताच गेली. म्हातारी बाई बसली होती पुढं. गोष्टी सांगून राह्यली होती. लय खूश."
"चालवत कोण होतं?"
त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ.
"तुमचे भाऊच ना ते?"
कोणत्या बाजूला गेली ते विचारलं. त्यानं हात केला.
निघते.